पाण्यातला वासा

दर दिवाळीला घराची झाडलोट निघाली, की पडवीतली फणसाची तुळई हलवावी लागते, आणि दर दिवाळीला घरातले कोणी ना कोणी म्हणते, "आता ही फोडून बंबात घाला बघू!" मी ऐकून न ऐकल्यासारखे करतो. तुळई चांगली पुरुषभर लांबीची आहे. तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी भेग गेली आहे, तीत चार बोटे सहज जातात. घरबांधणीला ती निरुपयोगी आहे. बसायला मात्र बरी.

ती भेग कशी पडली ते आधी सांगितले पाहिजे. आजोबांनी ते झाड तोडले ते नवे माजघर बांधायचे म्हणून. लाकूड पाण्यात मुरवण्याची आमच्या कोकणात जुनी रीत आहे. ओंडका तळीत बुडवून ठेवला, की त्यातला चीक आणि रस हळूहळू निघून जातो आणि पुढे त्याला कीड लवकर धरत नाही. आजोबांनी ओंडका तळीत सोडला खरा, पण माजघराला पैसा काही जमेना. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करता करता सात वर्षे तो तळीतच राहिला. अखेर पैसे जमले, तेव्हा आजोबा बहिणीकडे लग्नाला गेले होते. वडिलांनी हौसेने गडी लावून ओंडका काढवला, तासून घेतला आणि वैशाखातल्या उन्हात खळ्यात टाकून दिला. आठव्या दिवशी आजोबा परतले. त्यांनी भेगेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "सात वर्षं पाण्यात मेलं नाही ते. आठ दिवसांत उन्हात मारलंस."

त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. वडिलांनीही काढला नाही. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. अपराध कोणता झाला हे मला नीटसे कळले नव्हते. पाण्यात पडलेली वस्तू बाहेर काढणे म्हणजे तिला वाचवणे, एवढेच त्या वयात ठाऊक.

मागल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. मालवाहू जहाजावर यंत्रविभागात नोकरीला असतो. सुटीवर आला, की पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि याच तुळईवर बसून जगभरच्या बंदरांच्या गोष्टी सांगतो. या खेपेला बसल्या बसल्या म्हणाला,

"गुरुजी, वासा बघून आलो."

"कुठल्या घराचा रे?" मी विचारले.

तो हसू लागला. वासा म्हणजे आपल्या छपराचा वासा नव्हे. ते स्वीडन देशातल्या एका जुन्या राजघराण्याचे नाव. त्याचे चिन्ह धान्याची पेंढी. त्या नावाची एक युद्धनौका स्टॉकहोम शहरी एका भल्यामोठ्या संग्रहालयात उभी आहे. तीनशे तेहतीस वर्षे ती समुद्राच्या तळाशी होती आणि तरीही जवळजवळ अखंड वर आली. त्याने मला छायाचित्रे दाखवली. काळसर तपकिरी लाकडाचा तो डोंगर, त्यावर कोरलेले सिंह आणि योद्धे पाहून माझ्या तोंडून 'वा!' निघून गेले. तेव्हा तो जरा थांबून म्हणाला,

"पण ते आतून आंबट झालंय, गुरुजी. लाकडात ॲसिड तयार होतंय. पाण्यात होतं तेव्हा नव्हतं. वर काढल्यावर झालं."

त्याला माझ्या तुळईची हकीकत ठाऊक नव्हती. मी मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. दर्यावर्दी लोकांच्या एका कादंबरीसाठी मी गलबतांची माहिती जमवीतच होतो. तिच्यात आता हे स्वीडनचे जहाज शिरले. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही, स्टॉकहोम मी पाहिलेले नाही. परंतु वर्षभर मिळेल ते वाचून, आणि न कळेल ते कळणाऱ्यांना विचारून, जे हाती लागले ते येथे सांगतो.

स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ याचे पोलंडशी युद्ध चालू होते. समुद्रावर जरब बसेल अशी नौका त्याला हवी होती. हेन्रिक हिबर्टसन नावाच्या डच कारागिराने काम अंगावर घेतले, पण ते पुरे होण्याआधीच, १६२७ साली तो वारला. पुढचे काम हाइन याकोबसन याने पाहिले. हजाराहून अधिक ओक वृक्ष या एका नौकेसाठी तोडले गेले. तोफा चौसष्ट, आणि कोरीव मूर्ती सातशेच्या आसपास! एवढा भार वरच्या अंगाला आणि तळात वजनाचे दगड त्या मानाने थोडे. नौका डळमळते की काय ते पाहण्यासाठी तीस खलाशांना तिच्या फळीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेला पळवले. तीन वेळा पळवताच ती इतकी हेलकावू लागली, की आता उलटते या भीतीने प्रयोग थांबवावा लागला. तरीसुद्धा ती निघालीच. राजा दूर रणांगणावर होता, आणि नौका लवकर हवी म्हणून त्याची पत्रे येत होती. त्याला 'नाही' कोण म्हणणार?

१० ऑगस्ट १६२८, रविवार. किनाऱ्यावर जत्रेसारखी गर्दी. नौकेने तोफांची सलामी दिली आणि तोफांच्या खिडक्या उघड्याच राहिल्या. वाऱ्याचा एक झोत आला, ती कलली, सावरली. दुसरा आला, पुन्हा कलली, आणि खालच्या रांगेतल्या खिडक्यांतून पाणी आत घुसले. धक्क्यापासून मैलभरसुद्धा न जाता ती गर्दीच्या डोळ्यांदेखत बुडाली. तीसएक माणसे गेली. मग चौकशी बसली. कप्तानाला पकडून आणले, कारागिरांना विचारले, आणि अखेर शिक्षा कोणालाच झाली नाही. राजाने संमती दिलेली मापे, मेलेला कारागीर; दोष ठेवावा तरी कोणावर?

१६६४-६५ साली पाणबुड्यांनी, मोठ्या घंटेसारख्या भांड्यात कोंडलेल्या हवेवर श्वास घेत, काळोख्या गारठलेल्या पाण्यातून पन्नासाहून अधिक तोफा वर काढल्या. तोफा गेल्या आणि लोक जहाजही विसरून गेले.

येथे आपल्या समुद्राची आणि त्यांच्या समुद्राची एक तुलना करायला हवी. आपल्या खाडीत बुडालेले लाकूड फार काळ टिकत नाही, हे कोणीही कोळी सांगेल. लाकूड पोखरणारा एक लांबट जीव खाऱ्या पाण्यात असतो. दिसायला किडा, पण कूळ शिंपल्याचे. शास्त्रज्ञ त्याला टेरेडो म्हणतात. चांगल्या होडीची तो काही वर्षांत चाळण करतो. स्टॉकहोमचा बाल्टिक समुद्र मात्र जेमतेम मचूळ. त्यात मिळणाऱ्या नद्या पुष्कळ, म्हणून मीठ थोडे, आणि इतक्या अळणी पाण्यात हा जीव तग धरीत नाही. अँडर्स फ्रान्सेन नावाच्या इंजिनिअराने ही गोष्ट बरोबर हेरली. त्याचे म्हणणे, जुनी लाकडी जहाजे इथे नाहीत तर कुठे सापडणार? जुनी दप्तरे चाळीत आणि होडीतून तळ चाचपीत तो वर्षानुवर्षे हिंडला. त्याच्या हत्यारात साधी युक्ती होती. दोरीला बांधलेला, टोकाशी पोकळ असा एक लोखंडी तुकडा तो पाण्यात सोडी. तळाशी जे लागेल त्याचा नमुना त्या पोकळीत अडकून वर येई. बहुतेक वेळा चिखल यायचा. १९५६ च्या ऑगस्टमध्ये एकदा काळ्या ओक लाकडाचा तुकडा आला. मग पाणबुड्या खाली गेला आणि तोफांच्या खिडक्यांच्या दोन रांगा हातांनी चाचपून वर आला.

पुढची दोन-अडीच वर्षे नौदलाच्या पाणबुड्यांनी बत्तीस मीटर खोल पाण्यात, जहाजाच्या पोटाखालून, सहा बोगदे खणले. डोक्यावर शेकडो टनांचे जहाज, आजूबाजूला मिट्ट काळोख आणि चिखल! या कामात एकही जीव गेला नाही, हे मला त्या जहाजापेक्षाही मोठे नवल वाटते. बोगद्यांतून पोलादी दोर ओवून ते टप्प्याटप्प्याने उथळ पाण्यात आणले आणि २४ एप्रिल १९६१ रोजी ते पाण्याच्या वर आले. चिखलातून जोडे, लाकडी थाळ्या, नाणी आणि बुडालेल्या माणसांची हाडे निघाली.

आता माझ्या तुळईचा प्रश्न स्वीडनमधल्या शहाण्या माणसांपुढे उभा राहिला, फक्त काही हजार पटींनी मोठा. शेकडो वर्षे पाण्यात राहिलेले लाकूड बाहेरून लाकूड दिसते, परंतु त्याच्या आतल्या सूक्ष्म पेशींच्या भिंती जिवाणूंनी खाऊन पातळ केलेल्या असतात. लाकडाला चिवटपणा देणारा तंतूंचा भाग बराच गेलेला असतो, कणखर सांगाडा तेवढा उरतो, आणि गेलेल्याची जागा पाण्याने घेतलेली असते. ते पाणीच त्या भिंतींना आतून टेकू देत असते. ऊन लागले, पाणी निघाले, की भिंती एकमेकींकडे ओढल्या जाऊन कोसळतात. लाकूड आक्रसते, वळते, उलते. (आजोबांनी हे एका वाक्यात सांगितले होते.)

म्हणून त्यांनी जहाज वाळू दिले नाही. मेणासारखा एक पदार्थ असतो, नाव पॉलिएथिलीन ग्लायकॉल. मलमांत आणि सौंदर्यप्रसाधनांत तो घालतात. तो पाण्यात विरघळतो. त्याचे पाणी जहाजावर फवारीत राहावे, म्हणजे लाकडातले पाणी हळूहळू बाहेर येते आणि त्याच्या जागी हे मेण जाऊन बसते. १९६२ साली फवारणी सुरू झाली आणि १९७९ पर्यंत चालली. सतरा वर्षे! त्यानंतर आणखी नऊ वर्षे सावकाश वाळवणे. इकडे आमच्या वडिलांना आठ दिवस धीर धरवला नाही. १९९० साली नवे संग्रहालय उघडले आणि जगभरचे लोक लोटू लागले. सगळ्यांना वाटले, जहाज वाचले.

सन २००० चा उन्हाळा स्टॉकहोमला फार पावसाळी गेला. ओल्या कोटांनी आणि छत्र्यांनी हजारो माणसे रोज संग्रहालयात येत, त्यांच्याबरोबर दमट हवाही येई. त्या सुमारास देखरेख करणाऱ्यांच्या लक्षात आले, की लाकडावर ठिकठिकाणी पांढरी आणि पिवळसर पूड फुलून येते आहे. भिंतीला लोणा फुलतो ना, तशी. पुडीचा कस पाहिला तेव्हा ती कमालीची आंबट निघाली. लिंबाच्या रसाच्या बरोबरीची, काही जागी त्याहूनही तीव्र. २००२ साली मॅग्नस सँडस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' या विख्यात विज्ञानपत्रात याचा उलगडा केला. जहाजाच्या लाकडात गंधक होते, आणि ते गंधकाम्ल होऊ लागले होते. जेवढे गंधक अजून शिल्लक होते तेवढे सगळे पालटले, तर पाच हजार किलोपर्यंत गंधकाम्ल तयार होईल, असा त्यांचा हिशेब होता.

वाचकहो, गंधकाम्ल म्हणजे काय ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाला आठवत असेल. साखरेवर ओतले, की तिचा कोळसा करून टाकते तेच ते. फळ्यावर मी मुलांना मांडून देतो, गंधकाच्या ३२ भागांपासून आम्लाचे ९८ भाग होतात. म्हणजे एक किलोचे तीन किलो. बाकीचा भार हवेतला प्राणवायू आणि ओलावा पुरवतात.

पण लाकडात गंधक आले कोठून? या प्रश्नापाशी मी सर्वांत अधिक काळ रेंगाळलो. स्टॉकहोमच्या बंदरात शहराचे सांडपाणी सोडले जाई. शहर वाढले तशी घाण वाढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून पुढे तर फारच. घाण कुजताना तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपून जातो. अशा गुदमरलेल्या जागी काही जिवाणू वेगळ्या रीतीने जगतात. समुद्राच्या पाण्यात विरघळलेले गंधकाचे क्षार ते वापरतात आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सोडतात. गटारातल्या काळ्या गाळाला जो वास येतो, तोच हा. हा वायू लाकडात झिरपला, आणि गंधक वेगवेगळ्या रूपांनी पेशींत जमत गेले. आता गंमत अशी, की त्याच प्राणवायूहीन पाण्यात लाकूड खाणारी बुरशी आणि इतर जीवजंतू फारसे जगू शकले नाहीत. म्हणजे शहराच्या घाणीने जहाज राखले, आणि राखता राखता त्याच्या पोटात गंधकही भरून ठेवले.

दुसरा भागीदार लोखंड. जहाज जोडताना हजारो लोखंडी बोल्ट ठोकले होते. ते पाण्यात गंजून गेले आणि त्यांचे लोह आसपासच्या ओकमध्ये भिनले. ओकच्या लाकडात तुरट द्रव्य पुष्कळ असते. तुरट द्रव्य आणि लोह एकत्र आले, की काय होते ते आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकला, की काळी शाई! फ्रान्सेनच्या हाती आलेला तुकडा काळा होता तो याच कारणाने. ते जहाज शाईत बुडवल्यासारखेच झाले होते. आणि हिराकस म्हणजे तरी काय? लोह आणि गंधकाम्ल यांचा क्षार. वासाच्या लाकडावर फुललेल्या पुडीत शास्त्रज्ञांना जे क्षार सापडले, त्यांत जिप्समबरोबर हा आपला हिराकसही होता. वाचताना मला घरचे माणूस परदेशी भेटल्यासारखे वाटले.

पाण्याखाली हे गंधक आणि लोह शेजारी शेजारी निमूट होते, कारण प्राणवायू नव्हता. जहाज वर आले आणि तीनशे तेहतीस वर्षांनी त्याला हवा लागली. गंधक हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावू लागले. लोहाने मध्यस्थ होऊन ती क्रिया भराभर पुढे रेटली, ओलाव्याने साथ दिली. भर म्हणजे गंजलेल्या बोल्टांच्या जागी साडेपाच हजार नवे बोल्ट बसवले होते, तेही लोखंडीच! तेव्हा कोणाला कल्पना होती? त्या वेळच्या माणसांना मी दोष देत नाही. बुरशी धरू नये म्हणून त्यांनी फवारणीच्या पाण्यात टाकणखार आणि बोरिक आम्ल मिसळले होते. त्या खाराने सुरुवातीचे आंबटपण, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, बरेच मारून टाकले असे आता दिसते.

पाण्याचे लाकूड वाचवण्याच्या खटपटीत याहून वाईट गोष्टी घडल्या आहेत. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ साली एका जुन्या टेकाडातून नवव्या शतकातली नौका खणून काढली. ती बुडालेली नव्हे, पुरलेली होती, पण ओल्या चिकणमातीत लाकूड तसेच भिजून राहिले होते. तीत सापडलेल्या कोरीव वस्तू टिकाव्यात म्हणून त्या काळच्या पद्धतीप्रमाणे त्यांतल्या पुष्कळशा तुरटीच्या कढत पाण्यात ठेवल्या. तुरटी! आपण गढूळ पाण्यात फिरवतो आणि दाढी झाल्यावर गालाला लावतो, तीच. पण तुरटीतही गंधकाम्लाचा अंश असतो, आणि कढवल्यावर तो मोकळा होऊन लाकडात शिरला. शंभर वर्षांत ते लाकूड आतून इतके पोखरले, की वर दिलेल्या लाखेच्या कवचाने कित्येक वस्तू कशाबशा आकार धरून आहेत. त्या माणसांनी मोठ्या निगुतीने केले होते.

जाता जाता आपल्या मुंबईचीही आठवण होते. तिथल्या गोदीत वाडिया कुटुंबातल्या कारागिरांनी मलबारी सागवानातून 'त्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली, १८१७ साली ती पाण्यात उतरली, आणि इंग्लंडात हार्टलपूल येथे ती आजही पाण्यावर तरंगते आहे. सागवानात तेल असते. ओकच्या तुरट आम्लासारखे ते लोखंडाला खात नाही. अर्थात ती बुडालीच नाही, तेव्हा तुलना पुरी होत नाही. तरी सांगितल्यावाचून राहवले नाही.

मग वासाचे काय केले? आधी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या आंबट जागांवर ठेवून पाहिल्या. वरचे आंबटपण गेले, पण सोडा खोलवर पोहोचत नाही. शिवाय फार भिजवावे तर आतले मेण विरघळायची भीती. २००४ साली हवा सारख्या प्रमाणात कोरडी-दमट राखणारी नवी यंत्रे बसवली. २०११ पासून २०१८ पर्यंत पाच हजारांहून अधिक लोखंडी बोल्ट एकेक करून काढले आणि त्यांच्या जागी न गंजणाऱ्या खास पोलादाचे घातले. दरम्यान शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले, की सगळा दोष एकट्या गंधकाम्लाचा नाही. लोह प्राणवायूच्या मदतीने लाकडाचे तंतू परस्परही तोडते, आणि आत ऑक्झॅलिक नावाचे दुसरे एक आम्लही तयार झालेले आहे. लाकूड वरून बरे पण गाभ्यात दुबळे, अशी काही जागी अवस्था आहे. आणि ते जहाज आपल्याच वजनाने हळूहळू बसते आहे. दर वर्षी काही ठिकाणी मिलिमीटरभर सरकते. मोजणारी माणसे नियमाने मोजतात. घर फिरले की वासेही फिरतात, ही म्हण मला तेव्हा नको इतकी आठवली. आता जहाजाखालचा जुना आधार काढून नवा, अधिक बळकट आधार देण्याचे काम तेथे हाती घेतले आहे.

हे सगळे मी एका दुपारी वर्गात सांगितले. आधी 'वासा' या नावावर हशा पिकला, मग मुले गप्प झाली. एक मुलगा उठून म्हणाला, "गुरुजी, मग काढलंच कशाला? चिखलात बरं होतं ना?" दुसरा लगेच म्हणाला, "काढलं नसतं तर तुम्ही आम्हाला सांगितलं असतंत का?" वर्गात दोन तट पडले. घंटा होईपर्यंत भांडण चालले आणि मला न्याय देता आला नाही. मला आठवत होते ते वडिलांचे तोंड. आजोबांनी भेगेवरून हात फिरवला तेव्हा ते खळ्याच्या कडेला उभे होते. तो ओंडका आणखी सात वर्षे तळीत राहिला असता तर सुरक्षित राहिला असता, यात शंका नाही. पण माजघर मग कशाचे बांधायचे होते? तेवढा एक प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही.

घंटा झाल्यावर, होड्यांच्या घरातली एक मुलगी दप्तर आवरता आवरता माझ्या टेबलाशी आली.

"गुरुजी, तिथं अजून दुसरी जहाजं आहेत का पाण्यात?"

आहेत, मी तिला सांगितले. वासाचे एक भावंडच आहे. त्याच याकोबसनने ते बांधले, १६२९ साली पाण्यात सोडले. आधीच्या चुकीवरून शहाणे होऊन ते थोडे रुंद केले होते. म्हणून ते बुडाले नाही, तीस वर्षे चाकरी केली. म्हातारे झाल्यावर, १६५९ साली, शत्रूच्या जहाजांना वाटेत अडथळा व्हावा म्हणून लोकांनी ते स्वतःच बुडवले. २०२१ साली पाणबुड्यांना स्टॉकहोमजवळ वॅक्सहोमच्या पाण्यात एक मोठे जहाज आढळले, आणि लाकडाचे नमुने व जुनी दप्तरे ताडून पाहिल्यावर, २०२२ साली, हेच ते असे जाहीर झाले. या खेपेला कोणी दोर बांधले नाहीत. मोजमापे घेतली, नमुने घेतले आणि ते होते तिथेच राहू दिले.

"त्याचं नाव काय?"

"त्यांच्या भाषेत एप्लेट. म्हणजे सफरचंद."

ती खुदकन हसली. "सफरचंद अजून पाण्यातच आहे," असे दारातल्या मैत्रिणींना ओरडून सांगत बाहेर पळाली.